बारा वर्षं रोमात

कोपऱ्यातली_खुर्ची

नमस्कार मंडळी,

पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

परवा सहज स्वतःचं पान उघडलं. सदस्यत्व २०१४ पासून. लेखन ०. प्रतिसाद ०. बारा वर्षांत साधं '+१' सुद्धा टंकलेलं नाही. बारा वर्षं रोमात, म्हणजे नुसती वाचत. आणि वाचलं किती म्हणाल तर डोंबिवली ते सीएसएमटी, रोज जाऊन-येऊन, दाराच्या आतल्या खांबाला टेकून. कुणाचा मुलगा दहावीला गटांगळी खाऊन पुढे सीए झाला, कुणाचं कुणाशी कशावरून फाटलं, कुठला आयडी कुणाचा डुआयडी (म्हणजे दुसऱ्या नावाचं खातं), सगळं मला ठाऊक. तुमच्यातल्या दोघांशी तर माझा अबोलाच आहे, पुरणपोळीत मैदा घालण्यावरून झालेल्या त्या भांडणापासून. त्यांना बिचाऱ्यांना पत्ताही नाही.

तर आता तोंड उघडायचं कारण.

इथे अनारशांचा एक जुना धागा आहे, २०१२ च्या अधिक भाद्रपदातला. २०१५ ला अधिक आषाढ आला. धाकट्या बहिणीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे, आणि आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हणजे अनारसे माझ्या गळ्यात. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, पंचावर पसरले, सगळं आईने फोनवर सांगितलं तस्सं. पण बाहेर पाऊस असा की पंचा ओला तो ओलाच. शेवटी कंटाळून, नुसते निथळलेले म्हणावेत असे तांदूळ मिक्सरला लावले, गूळ घातला, गोळे करून डब्यात भरले आणि चार दिवसांनी तळायला घेतले. पहिला अनारसा तुपात सोडला आणि हसला. दुसरा हसला. तिसरा कढईभर हसला. (माहीत नसलेल्यांसाठी: अनारसा हसतो म्हणजे तुपात विरघळून सुटा होतो. हसायचं त्याने, रडायचं आपण.)

रात्री साडेअकराला तो धागा सापडला. एका ताईंनी लिहिलं होतं, पिठात ओल राहिली किंवा गूळ जास्त झाला की हसतो, बाजूला काढून ठेवलेलं कोरडं पीठ थोडं मळून घ्या. मी कुठलं बाजूला काढून ठेवतेय! त्याच्याच खाली आणखी एकीने नेमका माझा प्रश्न विचारला होता: असं पीठ ठेवलेलं नसेल तर बाजारचं तांदळाचं पीठ चालेल का?

त्याला उत्तर नव्हतं.

मग मीच करून पाहिलं. लाडवाएवढ्या गोळ्यात दोन चमचे बाजारचं पीठ घातलं. हसायचा थांबला, पण पापडासारखा कडक, जाळीचा पत्ता नाही. पुढच्या गोळ्यात एकच चमचा, मळून तासभर झाकून ठेवला, मग खसखशीवर थापला. खसखशीची बाजू वर, मंद आच, झाऱ्याने वरून तूप उडवत राहिले. जाळी पडली. रात्री दीड वाजता तेहेतीस पुरे झाले, चौतिसावा मी ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ला. फोन बंद केला आणि झोपले.

२०१८ च्या अधिकात तो धागा वर आला. त्या प्रश्नाखाली 'मलाही हेच विचारायचंय'. २०२० ला 'कुणी करून पाहिलंय का?'. २०२३ ला नुसतं '+१'. तिन्ही वेळा वाचलं. तिन्ही वेळा मनात उत्तर दिलं आणि पुढच्या धाग्यावर गेले. येत्या मे महिन्यात परत अधिक येतोय, ज्येष्ठ.

म्हणून विचारते. माझ्यासारखे इथे बरेच असणार. तुम्ही का लिहीत नाही? आणि जे लिहितात, त्यांना आमचा राग येतो का?

---

काडेपेटी

स्वागत. बारा वर्षं पास काढून नाटक पाहिलंत, आता रंगमंचावर या.

अबोला कुणाशी ते सांगा, धागा शंभरी गाठेल. (ह.घ्या., म्हणजे हलके घ्या.)

---

शेवटची_लोकल

मी आठ वर्षं रोमात होतो. बायकोला तसं म्हणालो तर म्हणते, पासपोर्ट तरी आहे का तुझ्याकडे? तिला 'रीड ओन्ली मोड' समजावून सांगेपर्यंत भाजी करपली.

का लिहीत नव्हतो? मला सुचायचं ते माझ्याआधी कुणीतरी लिहून गेलेलं असायचं, आणि माझ्याहून बरं. दहा जणांनी 'सहमत' म्हटल्यावर अकराव्याने येऊन काय दिवे लावायचे?

---

तांब्याभांडं

स्पष्ट बोलतो. येतो राग.

वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी मी सात महिने खेटे घातले. ते सगळं इथे लिहून काढलं. अर्ज कुणाकडे द्यायचा, गाव नमुना सहा-क म्हणजे काय, त्यावरून फेरफार कसा धरतात, नोटिशीचे पंधरा दिवस कशाचे, सातबाऱ्यावर नाव चढल्यावर काय काय तपासायचं. चार रात्री गेल्या लिहायला. प्रतिसाद किती आले? दोन. एक 'वाखुसा', म्हणजे वाचनखूण साठवली. दुसऱ्याने 'फेरफार' हा शब्द कुठून आला ते सांगितलं. विहिरीत धोंडा टाकावा आणि डुबुक्क सुद्धा ऐकू येऊ नये, तसं.

दोन वर्षांनी एका लग्नात ओळखीतून ओळख निघाली. समोरचा म्हणाला, अहो, तुमचा तो लेख छापून घेऊनच मी तलाठ्याकडे गेलो होतो. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, मी लिहीत नाही हो, नुसता वाचतो.

पंगतीत बसायचं, आडवा हात मारायचा आणि 'भात मऊ झालाय' एवढंसुद्धा म्हणायचं नाही? वाढणाऱ्याला कळायचं कसं?

---

बिनसाखरेचा

तांब्याभाऊ, रागावू नका, तुम्ही एकटे नाही. संकेतस्थळांच्या वापराचा अभ्यासक जेकब नीलसन याने २००६ मध्ये मांडलेला तो ९०-९-१ चा हिशेब सगळीकडे फिरत असतो: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एकटा सगळं ओढतो. मला तो आकडा सरसकट लावलेला आवडत नाही. त्याच्या आधी, २००० मध्ये, नॉनेकी आणि प्रीस या दोघांनी ईमेलवरच्या चर्चागटांची मोजणी केली होती. आजारपणाच्या आधारगटांत न लिहिणारे सरासरी ४६ टक्क्यांच्या आसपास, आणि सॉफ्टवेअरच्या मदतगटांत ८२ टक्के. म्हणजे जिथे 'मलाही असंच होतंय' म्हणायची गरज असते तिथे निम्मे बोलतात. जिथे नुसता स्क्रू कुठे पिळायचा ते हवं असतं तिथे पिळून निघून जातात.

वारस नोंद हा स्क्रूच की.

याच मंडळींनी नंतर न लिहिणाऱ्यांनाच कारणं विचारली, तो निबंध २००४ चा. निम्म्याहून जास्त जणांचं म्हणणं, लिहायची गरजच वाटली नाही, वाचून काम झालं. बाकी कारणांत 'आधी इथली माणसं कशी आहेत ते बघतोय', 'आपण न बोलून मदतच करतोय', 'ते सॉफ्टवेअर काही जमलं नाही' आणि 'हा कंपू आवडला नाही'. तिसरं कारण वाचून मी हसलो होतो, पण इथले काही धागे आठवले आणि पटलं. प्रत्येकाने तोंड उघडलंच पाहिजे असं ठरलं तर अनारशांच्या धाग्यावर उत्तर सापडायला पहाट होईल.

---

काडेपेटी

चौथ्या कारणाबद्दल: इथला टंकलेखनाचा खोका म्हणजे एक शिक्षाच आहे. मी पहिले सहा महिने 'ज्ञ' टाळून लिहीत होतो. विज्ञानावर मतच दिलं नाही.

---

उंबरठ्याच्या_आत

मी आता लिहिते, पण मधली पाच वर्षं लिहीत नव्हते. ही जागा नव्हे, दुसरी होती.

बाळंतपणानंतर नोकरीवर परत जाताना दुधाचं काय करायचं, यावर एकीने विचारलं होतं. मी अगदी कोरडेपणाने लिहिलं, ऑफिसात दूध काढून किती वेळ ठेवता येतं, बाटली कशी धुवायची. रात्रीतून तीन व्यनि (व्यक्तिगत निरोप). एकाला माझं वय हवं होतं, एकाला फोटो. तिसरा 'काळजीपोटी' विचारत होता की मिस्टर कुठे असतात. तक्रार केली तर उत्तर आलं, दुर्लक्ष करा. मी दुर्लक्ष केलं. त्या जागेकडेच केलं, म्हणजे लिहिण्यापुरतं. वाचत राहिले, कारण बाळ होतं आणि प्रश्न संपत नव्हते.

तेव्हा तांब्याभाऊ, पंगतीत गप्प बसलेली प्रत्येक बाई आयतोबा नसते. काहींना मागच्या पंगतीचा अनुभव असतो.

---

तांब्याभांडं

हे डोक्यात आलं नव्हतं. माझा रोख तुमच्यासारख्यांवर नव्हता, तरी लागलं असेल तर माफ करा.

---

हरभऱ्याचं_झाड

नमस्कार ताई. मी वरुडकडला. आमच्याकडं संत्रा. दोन एकर आहे माझा.

चार वर्षं झाली असतील, एका साहेबानं लिवलं होतं का संत्र्याले बाराही महिने सारखं पाणी पाहिजे. मले राहवलं नाही. पहिल्यांदाच लिवलं. म्हटलं साहेब, असं पाणी देत राहाल तं झाड हिरवंगार दिसन पण फुलणार नाही. आंबिया बहार घ्यायचा तं डिसेंबरात पाणी तोडा लागते, मृग बहाराले उन्हाळ्यात. पानं कोमेजली, थोडी गळाले लागली का मग आंबवणी. आमची जमीन काळी, भारी, ओल धरून ठेवते, म्हणून ताण जास्त दिवस. हलक्या जमिनीत कमी. हे मी पुस्तकातलं नाही सांगत, माझ्या बापानं एका साली ताण दिला नाही तं त्या साली बहारच आला नाही, फांद्या मोजत बसलो.

चार जणांनी उत्तर दिलं. चौघांनीही मले 'लिवलं' नाही 'लिहिलं' शिकवलं. ताणाच्या गोष्टीले कोणी हात नाही लावला.

त्यानंतर आज लिवतो आहे. तुमच्या अनारशानं बोलतं केलं.

---

शेवटची_लोकल

दादा, माझ्या मेहुण्याची कळमेश्वरला बाग आहे, हे त्याला आत्ता पाठवलं. आंबवणी म्हणजे ताण तोडल्यावरचं पहिलं पाणी ना? ते एकदम भरपूर द्यायचं की बेताने?

---

हरभऱ्याचं_झाड

हो, तेच. बेतानं. पहिलं हलकं, दुसरं त्याहून बरं, मग नेहमीचं. उपाशी माणसाले एकदम पुरणपोळी वाढते का कोणी?

---

उंबरठ्याच्या_आत

मैदा न घातलेली.

---

गच्चीवरचा_अंधार

न्यू जर्सीतून. वयाने इथल्या बऱ्याच जणांचा काका असेन.

आम्ही नव्वदीत विद्यापीठाच्या लॅबमध्ये बसून यूजनेटवरचा, म्हणजे तेव्हाच्या जालावरच्या चर्चागटांतला, सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा गट वाचायचो. मराठी, पण रोमन लिपीत. 'mala' ऐवजी प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, 'माला' की 'मला' ते संदर्भावरून लावायचं. (वर रोमन अक्षरं टाकली म्हणून संपादक रागावतील, पण तेव्हाचं मराठी दिसायचंच तसं.) मग १९९६ मध्ये मायबोली ही मराठी साइट सुरू झाली आणि हळूहळू देवनागरी डोळ्यांना मिळाली.

सांगायचं ते असं की तेव्हा नवख्याने न लिहिणं हा शिष्टाचार होता. कुठल्याही गटात शिरलात की जुनी मंडळी सांगायची, आधी काही आठवडे नुसतं वाच, नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून ठेवलेली आहेत ती पाहा, मग तोंड उघड. न वाचता लिहिणाऱ्याला फाडून खायचे. आणि आता उलटं, वाचणाराच चोर. गंमत आहे.

माझ्या पहिल्या थंडीत, बर्फ पडत असताना, मी त्या लॅबमध्ये कांदेपोह्यांवरचं एक भांडण तीन तास वाचलं होतं. एक अक्षर लिहिलं नाही. पण घरी चालत गेलो तेव्हा मी एकटा नव्हतो. ते ज्यांनी लिहिलं त्यांना काय ठाऊक.

---

बिनसाखरेचा

काका, यालाच जोडून. लेव्ह आणि वेंगर यांनी शिकाऊ माणसांचा अभ्यास केला होता, १९९१ चं पुस्तक. त्यात लायबेरियातले शिंपी आहेत. तिथला शिकाऊ पोरगा शिवणाची सुरुवात शेवटाकडून करतो: आधी बटणं, दुमड, इस्त्री, मग शिवण, आणि कापड बेतायला सगळ्यात शेवटी मिळतं. कारण बेतताना चुकलं तर कापड वाया. तोवर तो कडेला बसून बघत असतो आणि त्याला कुणी फुकट्या म्हणत नाही. कडेला बसणं हा शिकण्याचाच भाग धरलाय.

---

काडेपेटी

पण तो पोरगा बटणं तरी लावतो. बारा वर्षं नुसता बघत बसला तर शिंपी काय म्हणेल?

---

बिनसाखरेचा

मुद्दा बरोबर. वाईट सवय आहे तुमची.

---

पागोळी

मी निवृत्त. कीर्तनाची आवड. कीर्तनात श्रोता कधी बोलत नाही, पण बुवांची नजर त्याच्यावरच असते. कोण डुलतोय, कोण जांभई देतोय, त्यावर पूर्वरंग किती लांबवायचा ते ठरतं. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय तर अवधान मागूनच सुरू होतो. माउलींनी श्रोत्यांकडे दुसरं काही मागितलेलं नाही, फक्त लक्ष द्या.

अडचण अशी की कीर्तनात लक्ष दिसतं. इथे दिसत नाही. तांब्याभांडं यांना दोन प्रतिसाद दिसले, लग्नात भेटला तो माणूस दिसला नाही. तो भर मांडवात अंधारात बसला होता.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप गटात याच्या बरोबर उलट. तिथे निळ्या खुणा दिसतात. परवा एकाने पाण्याच्या टाकीबद्दल टाकलं आणि रात्री खाली भेटल्यावर मला धरलं, काका, वाचलंत ना, मग अंगठा का नाही दिला? म्हणजे तिथे गप्प बसायचीही सोय नाही. मला त्यापेक्षा इथला अंधार बरा वाटतो.

---

तांब्याभांडं

पागोळीकाका, 'लक्ष दिसत नाही' हे पटलं. माझं दुखणं तेच असावं.

पण आणखी एक बोलतो. आता सगळ्यात मोठा रोमकर माणूस नाहीच, यंत्र आहे. जालावरचं सगळं वाचून बसलेलं. पुतण्याने परवा त्याला वारस नोंदीचं विचारलं, त्याने धडाधड उत्तर दिलं. बरंचसं बरोबर होतं. पण ते यंत्र तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसलेलं नाही. माझ्या लेखावरून पुढे गेलेल्या माणसाला कुठे अडलं, कुठला कागद जास्तीचा मागितला, नवीन काय निघालं, हे फक्त त्या माणसाला ठाऊक. तो बोलला असता तर मी लेखात भर घातली असती. दोन वर्षं तो लेख चुकीचा पडून होता, एका कागदापुरता. लग्नात भेटला तेव्हा कळलं.

आभार नकोत मला. पुढे काय झालं ते सांगा, बस.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

सगळं वाचलं. (सवयच आहे.)

तांब्याभाऊ, तुमचं शेवटचं वाक्य वाचून उठले आणि त्या अनारशांच्या धाग्यावर लिहून आले. एक चमचा, दोन नाही, तासभर झाकून, आणि कडक झालेल्यांचंही लिहिलं. जिने २०१२ ला विचारलं होतं तिचं खातं आता बंद दिसतंय. जिने उपाय सांगितला त्या ताईही बऱ्याच वर्षांत आलेल्या नाहीत. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. चार ओळी होत्या, लोकल कोपर सोडून डोंबिवलीला लागेपर्यंत लिहून झाल्या असत्या.

उंबरठ्याच्या_आत, खरं सांगायचं तर मला तसं काहीच झालेलं नव्हतं. मला कुणी त्रास दिला नाही, कुणी हसलं नाही. मला वाटायचं ही तुमची बैठक आहे आणि मी खिडकीतून बघतेय. तेवढंच.

---

काडेपेटी

अच्छा, तुम्ही का ते! मी सकाळी म्हटलं, चौदा वर्षांपूर्वीचं मढं कुणी उकरलं. तिकडे सात नवे प्रतिसाद आलेत. त्यातले तीन आयडी मी जन्मात पाहिलेले नाहीत.

---

व्यवस्थापक

अनारसे आणि संत्री दोन्ही अवांतर आहेत, पण राहू देत. मैदा मात्र नको.

काडेपेटी, टंकलेखनाचा तक्ता मदतपानावर पहिल्यापासून आहे.

---

काडेपेटी

मदतपान कुणी वाचतं का?

---

सांगलीची_हलद

नमस्कार सगल्यांना. खातं आजच काढलं. २०१६ पासून वाचते. मुलाच्या कंप्युटरवर, दुपारी सगले झोपल्यावर. फोनवर अक्षर बारीक दिसतं.

लिहायचं खूप वेला ठरवलं पण ते शेवटचं ल मला कधी उमटलंच नाही. साधा ल नाही, दुसरा. आयडी घेतानाच घोल झाला बघा. लोक हसतील म्हणून लिहिलं नाही. वर दादांना लोक बोलले ते वाचून वाटलं, बरं झालं नाही लिहिलं. मग त्यांनी परत लिहिलं म्हणून मी पण.

---

काडेपेटी

ताई, शिफ्ट दाबून एल.

---

सांगलीची_हलद

ळ

ळळळळळ

हळद. केळं. सगळे. वेळ. अगंबाई!

खुर्चीताई, मे महिन्यात माझ्या लेकीचाही पहिलाच अधिक आहे. तुम्ही बाकी सगळं सांगितलंत, गूळ किती ते नाही सांगितलं.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

पीठ जितकं, त्याच्या पाऊणपट, किसून. बारीकसं कमी पडलं तरी चालेल, जास्त नको. आणि यंदा अधिक मे-जूनमध्ये आहे, ऊन रणरणतं असेल, तरी तांदूळ उन्हात घालू नका. घरात सावलीतच, पंचावर. हाताला किंचित दमट लागतात तोवरच दळायला घ्या. आणि वाटीभर पीठ गूळ न घालता बाजूला ठेवा.